मिसिंग काढलं, तरी एमिशनला गाडी नापास! पुढं काय करू?

खडेबाजार_खानापूर (सोमवार, संध्याकाळी ७:४०)

मंडळी, नमस्कार. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, केए-२२ पासिंग, ८३ हजार किलोमीटर. गेल्या आठवड्यात गोव्याहून चोर्ला घाटानं परत येताना कणकुंबीच्या अलीकडं गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एक सिलिंडर पेटतच नव्हता. इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करत होता. पावसाचे दिवस, अंधार, रेंज नाही, बायको-पोरं गाडीत. थांबायचा धीर झाला नाही. तसाच तीन सिलिंडरवर जांबोटीवरून बेळगावपर्यंत रडत-रखडत आलो.

मेकॅनिकनं स्कॅनर लावला. दोन नंबरची कॉइल गेलेली. कॉइल बदलली, चारही प्लग नवे टाकले. शिवाय "आता उघडलंच आहे तर" म्हणून सायलेन्सर खाली घेऊन पुढचा ऑक्सिजन सेन्सरही बदलला. बॅटरीची वायर काढली होती, ती परत लावली. गाडी अगदी मऊ चालतेय. दिवा बंद.

पीयूसी चार दिवसांत संपतंय आणि शनिवारी पुण्याला जायचंय, म्हणून गॅरेजमधून थेट एमिशन सेंटरला गेलो. दहा मिनिटांचा रस्ता. मशीननं नापास केलं! सेंटरवाला पोरगा म्हणाला, "साहेब, गाडी दाखवून घ्या." मी म्हटलं, अरे, दाखवूनच आणलीय की!

मेकॅनिक म्हणतोय मशीनच खराब. सेंटरवाला म्हणतोय मेकॅनिक खराब. मी मधल्यामधे. कोणाचं ऐकू?


टिळकवाडी_दुसरं_गेट (सोमवार, रात्री ८:०५)

दोघांचंही ऐकू नका. सेंटरनं नापास करताना एक चिठ्ठी दिली असेल, रिजेक्शन स्लिप. २०२१ च्या जूनपासून देशभर पीयूसीचा एकच नमुना झाला, तेव्हापासून नापासाची चिठ्ठी द्यायची पद्धत आहे. मशीनवर शंका असेल तर तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या सेंटरला तपासून घेता येतं. आधी त्यावरचे आकडे इथं टाका. आकड्यांशिवाय सगळं गावगप्पा.


हिंडलगा_एक्सप्रेस (सोमवार, रात्री ८:२०)

एवढं कशाला डोकं खपवताय? ओळखीतून काढून घ्यायचं. गाडी न्यायचीसुद्धा गरज नाही, नंबर पाठवला की काम होतंय.


शिनोळीची_स्कूटर (सोमवार, रात्री ८:३१)

हिंडलगा दादा, सर्टिफिकेटवर नंबर प्लेटसकट गाडीचा फोटो असतो हो. शिवाय यांना कागद हवाय की गाडी बरी हवीय? पोरांना घेऊन पुण्याला निघालेत, पुन्हा घाटात मिसिंग मारली तर ओळखीवाला येणारेय का ढकलायला?


खडेबाजार_खानापूर (सोमवार, रात्री ८:५०)

चिठ्ठी खिशातच होती, घामानं जरा पुसट झालीय. आयडलवर (रेस न देता) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.५८, मर्यादा ०.३. एचसी (न जळलेलं पेट्रोल) १६५, मर्यादा २००. हाय आयडलवर सीओ ०.४१, मर्यादा ०.२. आणि खाली लॅम्डा १.०८, त्याची मर्यादा ०.९७ ते १.०३. हा लॅम्डा काय प्रकार आहे?


व्हीटीयू_बॅकलॉग (सोमवार, रात्री ९:१०)

लॅम्डा म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण. बरोबर असेल तर १. एकाच्या वर गेला तर हवा जास्त, खाली आला तर पेट्रोल जास्त. भारत स्टेज ४ (धुराच्या नियमांचा टप्पा, बीएस ४) पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ही तपासणी २५०० च्या आसपास रेस धरून, म्हणजे हाय आयडलवर, करतात.

तुमच्या केसमध्ये मला सरळ दिसतंय: सायलेन्सर खोललाय, जॉइंट लीक आहे. बाहेरची हवा आत शिरते, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, म्हणून सीओ वाढला. केस क्लोज.


उद्यमबागचा_पाना (सोमवार, रात्री १०:४५)

शटर ओढून आत्ता घरी आलोय. व्हीटीयू, तुझं निम्मं बरोबर हाय बघ. निम्मं न्हाई.

लीक सेन्सरच्या आधी असली तर तू म्हणतोस तसं होतंय. पण सेन्सर फसला तर कॉम्प्युटर पेट्रोल ओतून लॅम्डा परत एकावर आणतोय. त्याचं कामच ते. मग चिठ्ठीवर १.०८ कसं दिसंल? १.०८ दिसतंय म्हंजे सेन्सरला पत्त्याच न्हाई. वारं सेन्सरच्या मागनं शिरलंय. सायलेन्सर खाली घेतला की मागचा जॉइंट सुटतोय, तिथलं पॅकिंग जुनंच परत बसवलं असंल. सत्तर टक्के गाड्यांत हेच असतंय असं म्हणणार न्हाई, पण माझ्याकडं आलेल्या बऱ्याच गाड्यांत हेच निघालंय.

आता सीओ. मागनं शिरलेल्या वाऱ्यानं सीओ वाढत न्हाई, उलट कमी दिसतोय. दुधात पाणी घातल्यासारखं. म्हंजे तुमचा खरा सीओ ०.४१ पेक्षा जास्तच हाय. म्हणून तर ते लॅम्डा बघत्यात. नुसता सीओ बघितला असता तर लोकांनी सायलेन्सरला भोकं पाडून पास करून घेतलं असतं.

म्हणून ही एक नव्हं, दोन भानगडी हाईत एका चिठ्ठीत. एक लीक. दुसरी, कन्व्हर्टर, म्हंजे सायलेन्सरच्या पाइपातली धूर साफ करणारी जाळी, काम करंना झालाय. एकतर तो गार होता, न्हाईतर कणकुंबीपासनं तुम्ही त्याला जाळून आणलाय.

एचसी १६५ हाय ते चांगलं. मिसिंग राहिलं असतं तर कच्चं पेट्रोल बाहेर पडून तो आकडा उड्या मारला असता. तेवढं काम तुमच्या मिस्त्रीनं नीट केलंय, त्याला शिव्या घालू नका.


खडेबाजार_खानापूर (सोमवार, रात्री ११:०२)

पाना मामा, "जाळून आणलाय" वाचून झोप उडाली. कन्व्हर्टरची किंमत ऐकून आहे मी.


उद्यमबागचा_पाना (सोमवार, रात्री ११:१५)

दिवा नुसता लागला असंल तर सावकाश घरी या. उघडझाप कराय लागला तर बाजूला घ्या. त्याचा अर्थच तो हाय. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमधी जाऊन तिथं पेटतंय, आतली मधमाशाच्या पोळ्यासारखी जाळी लालभडक होऊन वितळती. पण सगळ्यांची वितळती असं न्हाई. हळू आलाय, पावसात आलाय. झोपा आता. उद्या सकाळी इंजिन गार असताना सांगतो ते करा.


फ्रीमाँटचा_अनगोळकर (मंगळवार, पहाटे २:३०)

इथं दुपार आहे, म्हणून मधेच तोंड घालतो. आमच्याकडं कॅलिफोर्नियात याला स्मॉग चेक म्हणतात आणि दुरुस्तीनंतर लगेच नेलं तर नापास होणं ही इथली नेहमीची रड आहे. पण कारण वेगळं. २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांना इथं सायलेन्सरमध्ये नळी घालतच नाहीत. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला वायर लावतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात, "तुझ्या सगळ्या चाचण्या झाल्या का?" कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची, पेट्रोलच्या वाफेची अशा प्रत्येकाची एक स्वतंत्र चाचणी गाडी चालताना आपोआप करत असते. बॅटरी काढली किंवा स्कॅनरनं कोड पुसले की सगळ्यांपुढं "तयार नाही" येतं. दिवा बंद असला तरी पास करत नाहीत. वाफेची तेवढी एक राहिली तर चालते.

मागच्या वर्षी मी तीनदा गेलो. शेवटी रात्रभर गाडी न हलवता ठेवायची, सकाळी गार इंजिन चालू करायचं, टाकी पाव ते पाऊण भरलेली, थोडं गावात, थोडं हायवेवर एका वेगानं, असं चार दिवस केलं तेव्हा कुठं तयार झाली. अनगोळच्या तळ्याला फेऱ्या मारल्यासारख्या फ्रीवेवर फेऱ्या!


शिनोळीची_स्कूटर (मंगळवार, सकाळी ८:१०)

म्हणजे आपल्याकडं कोड पुसून गेलं तरी चालतं?


टिळकवाडी_दुसरं_गेट (मंगळवार, सकाळी ८:४०)

आपल्या पीयूसीत नळीतला धूरच मोजतात, कॉम्प्युटरला विचारत नाहीत. पण अनगोळकर सांगतायत ती फेरी इथंही उपयोगी आहे. बॅटरी काढली की कॉम्प्युटरनं आजवर शिकलेलं पेट्रोलचं बारीक माप पुसलं जातं. तो कंपनीच्या मूळ आकड्यांवर जातो आणि नव्यानं शिकायला लागतो. आयडल, गावातली गती, हायवेची गती, प्रत्येकाचं माप वेगळं. गॅरेज ते सेंटर दहा मिनिटांत काय शिकणार बिचारा? ८३ हजार किलोमीटर झालेल्या इंजिनाला कोऱ्या गाडीचे आकडे नेमके बसतीलच असं नाही.


निपाणी_पिकअप (मंगळवार, सकाळी ९:२५)

धागा पळवतोय, माफी असावी. माझी डिझेल पिकअप आहे, आरसीवर भारत स्टेज ३. इंजेक्टर सर्व्हिस करून आणले, तरी धुराचा आकडा ३.१ आला. मर्यादा २.४५ म्हणे. पंपावरचा अण्णा लांबूनच ओरडला, "होगी भाळ बरतैती!" (धूर फार येतोय!) डिझेलला पण तेच का?


उद्यमबागचा_पाना (मंगळवार, सकाळी ९:५०)

डिझेलचं येगळं. तिथं सीओ-बिओ न्हाई, धूर किती काळा तेवढंच. न्यूट्रलमधी ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबून बघत्यात. बीएस ४ असती तर मर्यादा १.६२ होती, तुमची २.४५.

एअर फिल्टर कधी बदललाय? तंबाखूची धूळ लई बारीक असती हो. फिल्टर वरनं पांढरा दिसतोय, आतनं गच्च भरलेला. हवा कमी पडली की काळा धूर, इंजेक्टर सोन्याचे घाला न्हाईतर हिऱ्याचे. दुसरं, गाव-गाव फिरून सायलेन्सरमधी काजळी साठलेली असती. टेस्टला रेस दिली की ती सगळी एकदम बाहेर. म्हणून आधी ऑइल-पाणी बघून घ्या, टाइमिंग बेल्टची गाडी असंल तर तो कधी बदललाय ते बघा, आनि मग निम्मा माल भरून वंटमुरी घाट एकदा चढवा. चढाला खालच्या गिअरमधी, दमानं. मागं पांढरी गाडी नसंल असं बघून चढवा, न्हाईतर तो मालक तुमच्या पाठीमागं लागंल. आल्यावर इंजिन बंद न करता सेंटरला.


निपाणी_पिकअप (मंगळवार, सकाळी ९:५८)

फिल्टर... आठवत नाही मामा.


उद्यमबागचा_पाना (मंगळवार, सकाळी १०:००)

झालं मग.


व्हीटीयू_बॅकलॉग (मंगळवार, सकाळी १०:३०)

बीएस ६ डिझेलवाल्यांनी घाटाच्या नादी लागू नये. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीची जाळी असते, ती ठरावीक वेगानं सलग चालवलं की स्वतःच काजळी जाळते. हत्तरगीपर्यंत एका वेगानं जाऊन येणं पुरतं. दिवा लागला असेल तर गाडीच्या पुस्तकात वेग आणि वेळ दिलेली असते, ती बघा.

आणि पाना मामा, सेन्सरचं तुमचं बरोबर होतं. काल रात्री कागदावर मांडून बघितलं.


हिंडलगा_एक्सप्रेस (मंगळवार, सकाळी ११:१५)

हे सगळं २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळं होतंय, कोणी बोलत नाही. आधी असं व्हायचं का?


टिळकवाडी_दुसरं_गेट (मंगळवार, सकाळी ११:४०)

मायलेजबद्दल तक्रार करा, मी तुमच्या बाजूला. रबरी होसबद्दल करा, तिथंही ऐकून घेईन. पण सीओचं खापर इथेनॉलवर फोडू नका. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यानं सीओ कमी व्हायला मदतच होते. सेन्सरची गाडी असेल तर कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो.


खडेबाजार_खानापूर (मंगळवार, दुपारी १:२०)

पाना मामांनी सकाळी मेसेज करून काय करायचं ते सांगितलं, ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल. सकाळी काय केलं ते लिहितो.

गाडी रात्रभर उभी, एकदम गार. मुलाला सीटवर बसवून इंजिन चालू करायला लावलं. मी मागं उकिडवा बसून जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरलं. चांगल्या गाडीत फडकं हाताला ढकलायला लागतं आणि इंजिन गुदमरतं म्हणाले होते. इथं फडकं नुसतं थरथरलं, आणि गाडीखालून "फस्स... फस्स..." आवाज यायला लागला, सापासारखा. वाकून टॉर्च मारला. मागच्या फ्लँजवर (पाइपांच्या जॉइंटवर), दोन बोल्टांच्या मधे, चार बोटं लांबीची काजळीची रेघ उमटलेली. बाकीचा पाइप चिखलानं लाल, तेवढीच जागा काळी. साबणाचं पाणी टाकलं तर तिथंच बुडबुडे.

एक बोल्ट हातानं फिरला. हातानं!


शिनोळीची_स्कूटर (मंगळवार, दुपारी १:३५)

आणि म्हणे मशीन खराब.


उद्यमबागचा_पाना (मंगळवार, दुपारी २:०५)

नवं पॅकिंग टाका, जुनं पालथं घालून बसवू नका. स्प्रिंगवाले बोल्ट असतील तर स्प्रिंगा पण बघा, गंजून बसल्या असल्या तर नुसतं आवळून उपयोग न्हाई. सिलिकॉन फासायला आलं कोण तर हात धरा त्याचा.

मग दोन दिवस गाडी रोजच्या रोज वापरा. सकाळी गार स्टार्ट, गावातनं, मग हायवेला काकतीपर्यंत जाऊन या. गुरुवारी सेंटरला जा. जायच्या आधी वीस मिनिटं चालवून गरम करा. काट्यावर पाणी गरम दिसतंय म्हंजे कन्व्हर्टर गरम असं न्हाई. त्याला अडीचशे-तीनशे डिग्री लागत्यात, आनि उभ्या गाडीत तो गार होतोय. एसी बंद, लाइट बंद. आनि नळी नीट आत घालायला सांगा. एक फूट तरी आत जायला पायजे. टोकाला नुसती अडकवली तर बाहेरची हवा ओढती, मग परत लॅम्डा वर.


शिनोळीची_स्कूटर (मंगळवार, दुपारी २:३०)

मामा, माझी २०११ ची स्कूटर. कार्ब्युरेटर साफ करून आणल्यापासून काळा प्लग आणि पेट्रोलचा वास. तिला पण हायवेला नेऊ?


उद्यमबागचा_पाना (मंगळवार, दुपारी २:४०)

न्हाई गा पोरी. साफ करताना मिक्श्चरचा स्क्रू फिरवलाय त्यानं. तुझ्या गाडीची मर्यादा सीओ साडेतीन टक्के हाय, भरपूर हाय, नीट स्क्रू बसवला तर सहज पास होती. चोकची वायर अर्धवट ओढलेली राहिली न्हाई ना, तेवढं आधी बघ. आनि तुझी जुनी गाडी, सहा महिन्यांनी काढावं लागतंय, वर्षाचं समजून बसू नको. बीएस ४ च्या पुढच्यांना वर्ष.


फ्रीमाँटचा_अनगोळकर (बुधवार, सकाळी ६:१५)

इथल्या मेकॅनिकनं एवढं सांगायचे शे-दीडशे डॉलर घेतले असते, तेही न सांगता.


खडेबाजार_खानापूर (गुरुवार, संध्याकाळी ६:५०)

रिपोर्ट देतो. पॅकिंग नवं, एक स्प्रिंग नवी. त्याच मेकॅनिकनं बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत, चेहरा मात्र पडला होता. मी काही बोललो नाही, कॉइल त्यानंच शोधली होती.

आज काकतीपर्यंत जाऊन आलो आणि थेट सेंटरकडं निघालो, तर दुसऱ्या गेटात अडकलो. आधी एक मालगाडी, मग तिच्यामागं पॅसेंजर. इंजिन बंद केलं, सवय. अठरा मिनिटं. तसाच सेंटरला गेलो. लॅम्डा १.०१! पण हाय आयडल सीओ ०.२४. पोटात गोळाच आला. म्हटलं, गेला कन्व्हर्टर.

मग मामांचं "उभ्या गाडीत तो गार होतोय" आठवलं. पोऱ्याला म्हटलं, पंधरा मिनिटांत येतो. उद्यमबागेतून एक मोठी फेरी मारली, तिसऱ्या गिअरमध्ये. परत आलो, इंजिन चालूच ठेवलं. नळी मीच बघून आत घालून घेतली. हाय आयडल सीओ ०.०७. आयडल ०.०४. एचसी ३८. लॅम्डा १.०१. पास, वर्षभराचं.


व्हीटीयू_बॅकलॉग (गुरुवार, संध्याकाळी ७:०५)

०.२४ वरून ०.०७, फक्त तापमानाच्या जोरावर. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले.


हिंडलगा_एक्सप्रेस (गुरुवार, संध्याकाळी ७:१२)

माझ्या गाडीचं पुढच्या महिन्यात संपतंय. पाना मामा, तुमचं गॅरेज नक्की कुठं?


उद्यमबागचा_पाना (गुरुवार, रात्री १०:३०)

पत्ता इथं टाकणार न्हाई, ॲडमिन ओरडतोय. सोमवारी मेसेज करा, आनि गाडी घेऊन या, नुसता नंबर पाठवू नका.

खडेबाजार, कन्व्हर्टर वाचलाय तुमचा, पण पूर्वीइतका ताजा न्हाई ऱ्हायला. चांगला असता तर गेटात थांबून पण ०.२४ पर्यंत गेला नसता असं मला वाटतंय. पुढच्या वर्षी पीयूसीच्या महिनाभर आधीच एकदा आकडे काढून बघा. पुण्याला जावा बिनधास्त.


खडेबाजार_खानापूर (गुरुवार, रात्री १०:४४)

मामा, रविवारी परत येतोय. कुंदा कुठं पोचवू तेवढं मेसेजमध्ये सांगा.


निपाणी_पिकअप (शुक्रवार, सकाळी ७:३०)

एअर फिल्टर काढला. झटकला तर अंगणात तंबाखूच्या वासाचा ढग. नवा टाकून घाट चढवला, १.९ आला. जुना फिल्टर आई चुलीजवळ ठेवू देईना, म्हणते पेटेल.